बारव, वीरगळ आणि पांढर: गावाने आपला वारसा जपताना काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या गावांत शोधू म्हटले की पाच-सात गोष्टी हमखास सापडतात. पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड किंवा पडकी गढी, वेस, काळ्या पाषाणाचे देऊळ, त्याच्या जवळची बारव (पायऱ्यांची विहीर), पाराला टेकवून ठेवलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), शिवेवरचा शेंदूर माखलेला कोरीव दगड. यातल्या फार थोड्यांना सरकारी संरक्षण आहे. बाकी सगळे गावाच्या भरवशावर उभे आहे. दुर्लक्ष झाले तर त्यांची पडझड हळूहळू होते, पण जीर्णोद्धाराच्या उत्साहात सातशे वर्षांचे काम महिन्याभरात सिमेंटखाली जाते. म्हणून या लेखात काय करावे याइतकेच काय करू नये यावर बोलले आहे आणि कामाच्या क्रमावर सर्वांत जास्त भर दिला आहे: आधी नोंद, मग मालकी व परवानगी, मग पाण्याची आणि झाडांची व्यवस्था, आणि दगडाला हात सगळ्यात शेवटी.

पहिले काम: नोंद

नोंदीसाठी लागतो फोन, मोजपट्टी, वही आणि चार-सहा माणसे. यात एक शिक्षक, एक गवंडी किंवा पाथरवट, एक गुरव किंवा पुजारी, आणि दोन तरी वयस्क बाया असाव्यात. देवाधर्माच्या निमित्ताने गावातले आडबाजूचे दगड बायकांना जास्त माहीत असतात. कोणत्या दगडाला कधी नैवेद्य जातो हे त्यांच्याकडूनच कळते.

गावठाण, प्रत्येक वाडी-वस्ती आणि शिवार असे तीन भाग करून फिरा. एकाच आळीच्या पोरांनी यादी केली की त्यात एकाच आळीचे देव येतात. मरीआई, म्हसोबा, पीर, दलित वस्तीतले दगड, धनगरवाड्यावरचे देवाचे ठाणे, यातले काही सुटू देऊ नका. बारवेवर पूर्वी कोणाला पाणी भरता येई आणि कोणाला नाही, हेही लिहून ठेवा. तोही त्या बारवेचा इतिहास आहे, आणि आज सगळ्या वस्त्यांनी मिळून काम करायचे असेल तर तो झाकून चालणार नाही.

प्रत्येक वस्तूसाठी एक पान ठेवा. त्यावर अनुक्रमांक, गावात वापरतात ते नाव, ठिकाण, गट क्रमांक किंवा मिळकत क्रमांक, फोनवरचे अक्षांश-रेखांश (दशांशानंतर पाच अंक), लांबी-रुंदी-उंची, दगड किंवा विटेचा प्रकार, आजची अवस्था, पूजा होते का, कोण करते, आणि तिच्याबद्दल सांगितली जाणारी हकिकत. हकिकत कोणी सांगितली आणि केव्हा, तेही लिहा. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ हे जसे सांगितले तसे लिहावे. त्याला इतिहास म्हणून खपवू नये आणि खोडूही नये.

फोटो समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि कोरीवकामाच्या प्रत्येक चौकटीचे वेगळे घ्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. फाइलला ‘गाव-क्रमांक-बाजू-तारीख’ असे नाव द्या. फोनच्या गॅलरीत विखुरलेले फोटो दोन वर्षांत कोणाचे काय ते कळेनासे होतात. क्रमांक फक्त कागदावर आणि नकाशावर असावा. दगडावर ऑइल पेंटने आकडे टाकण्याची पद्धत वाईट आहे, तो रंग पुढे निघत नाही. मूर्ती चोरीला गेली तर पोलिसांना द्यायला हेच फोटो आणि मापे लागतात. जुनी तुटफूट, टवका, नाकाचा पडलेला तुकडा यांचे जवळून घेतलेले फोटो मूर्ती ओळखायला सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

शिलालेख दिसला तर अक्षरांत खडू, पीठ, हळद, रांगोळी किंवा तेल भरू नका. पिठाने मुंग्या आणि बुरशी येते, तेलाने धूळ बसते, आणि खडूने आपण वाचतो तेच अक्षर कोरल्यासारखे दिसू लागते. मग पुढचा वाचणारा फसतो. साधा उपाय असा: अंधार पडल्यावर विजेरी लेखाच्या एका कडेला दगडाला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात खोलगट अक्षरांची सावली पडते. डावी, उजवी, वर आणि खाली अशा चार बाजूंनी उजेड टाकून चार फोटो घ्या. कागदी ठसा घेणे जाणकारांवर सोडा. वाचनासाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा जवळच्या विद्यापीठातला इतिहास विभाग यांना फोटो पाठवता येतात. काळ काढताना शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. जुन्या कागदांत वापरलेला शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवा.

गावाबद्दल आधी छापलेले काय आहे ते जिल्हा गॅझेटियरमध्ये पाहा. देवस्थान इनामाचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तरात मिळू शकतात. तिथे जाताना गावाचे जुने परगण्याचे नाव माहीत असावे, नाहीतर शोध लागत नाही.

मालकी, ग्रामसभा आणि कायदा

बारव ‘गावाची’ आहे असे सगळे म्हणतात, आणि गाळ काढून झाला की सातबारावर कोणाचे तरी नाव निघते. म्हणून आधी तलाठ्याकडून (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) सातबारा, ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा आणि गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका घ्या. विहिरी, वाटा, पाणवठे यांवरचे गावाचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या वहिवाटीच्या नोंदपत्रात नोंदलेले असतात. तो उतारा बहुतेक गावांत कोणी पाहिलेलाच नसतो. देऊळ नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचे असेल तर विश्वस्तांचा लेखी ठराव लागतो. खासगी जागा असेल तर मालकाशी कागदावर ठरवा: मालकी त्याचीच राहील, काम कोण करील, येण्याजाण्याची वाट कोणती, वर्गणीचा हिशेब कोण ठेवील. तोंडी परवानगी त्या घरात पुढची वाटणी होईपर्यंतच टिकते.

ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभांपैकी एखादी धरा. ठरावात वारसा यादी परिशिष्ट म्हणून जोडा आणि एक वाक्य आवर्जून घाला: यादीतल्या कोणत्याही वस्तूची दुरुस्ती, रंगकाम, हलवाहलव किंवा तिच्यालगतचे रस्त्याचे वा गटाराचे काम ग्रामसभेला विचारल्याशिवाय करू नये. नुकसानीची सुरुवात बहुतेक वेळा त्या लगतच्या रस्त्यापासूनच होते.

कायद्याची मांडणी थोडक्यात अशी. स्मारक केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे आणि काम राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येते. या दोन्ही प्रकारांत लेखी परवानगीशिवाय झाडलोटीच्या पुढे जाऊ नका. राज्य संरक्षित स्मारकाचे पालकत्व घ्यायचे असेल तर ‘महाराष्ट्र वैभव’ ही योजना आहे. संरक्षण नसलेल्या वस्तूंनाही दोन कायदे लागू होतात. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, व्यवहारात तहसीलदारामार्फत. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणे ही पुरावस्तू ठरते, हस्तलिखित ७५ वर्षांनीच. काम सुरू करण्याआधी राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांना फोटोंसह एक पत्र पाठवा. उत्तराची वाट पाहावी लागली तरी हरकत नाही. ते पत्र पुढे गावाच्याच बाजूने उभे राहते.

बारव: खाली उतरण्याआधी

बारवेला एका बाजूने जिना असेल तर जुन्या शिल्पग्रंथांत तिला नंदा म्हणतात, दोन बाजूंनी असेल तर भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया. नोंदीत हे लिहा. शिवाय देवकोष्टे (मूर्तींचे कोनाडे) किती, टप्पे किती, मोटेचे थारोळे (मोटेचे पाणी पडायची जागा), पाट, हौद आणि बैलांची धाव (मोट ओढताना बैल चालत ती उतरती वाट) शिल्लक आहे का तेही लिहा. धाव बहुधा बुजवलेली असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

गाळ काढायचा हंगाम फाल्गुन ते वैशाख, पाणी सर्वांत खाली असते तेव्हा. चुन्याचे काम या काळात करू नये, ते पावसाळ्यानंतर. ही दोन कामे एकाच उन्हाळ्यात उरकण्याचा आग्रह धरला की दोन्ही बिघडतात.

आधी भिंती पाहा. जिथे दगड पोटासारखा पुढे आला आहे तिथे ओळंबा सोडून फुगवटा किती ते मोजा, तारीख टाका, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल तर त्या भिंतीखाली कोणी काम करायचे नाही. वारसा संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाला किंवा अभियंत्याला बोलवा. फुगवटा थांबलेला असेल तरी पाणी उपसताना तिथे नजर ठेवायला एक माणूस बसवा.

उपसा सावकाश हवा. भिंतीमागच्या मातीत पाणी मुरलेले असते. आतले पाणी झपाट्याने कमी केले तर मागच्या ओल्या मातीचा दाब भिंतीवर एकदम येतो आणि उभी भिंत आत कोसळते. दिवसाला दोन-तीन फुटांपेक्षा जास्त पातळी उतरवू नका, आणि सांध्यांतून गढूळ पाणी येऊ लागले तर पंप तिथेच थांबवा. उपसलेले पाणी लांब नेऊन सोडा. काठावर सोडलेले पाणी भिंतीमागेच मुरते. डिझेलचे इंजिन काठापासून पंधरा-वीस फूट दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. इंजिन कधीही बारवेत उतरवू नका, त्याच्या धुरात माणूस नकळत बेशुद्ध पडतो. वरून ओढणारा पंप जेमतेम पंचवीस फुटांपर्यंतच पाणी खेचतो. त्याहून खोल असेल तर पाण्यात बुडणारा विजेचा पंप लागतो. त्याच्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच, आणि पंप चालू असताना पाण्यात कोणीही असता कामा नये.

उघड्या, पायऱ्यांच्या बारवेत हवा खेळती असते, पण अरुंद आडात किंवा बारवेच्या झाकलेल्या मागच्या विहिरीत विषारी वायू साठतो. कंदील सोडून पाहिल्याने प्राणवायू कमी आहे का एवढेच समजते. कुजक्या गाळातून निघणारा वायू दिव्याला कळत नाही. वायुमापक भाड्याने मिळतो. प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी दाखवला तर उतरू नका. खाली कोणी पडला तर त्याला वाचवायला घाईने दुसरा उतरतो आणि तोही जातो, असे घडलेले आहे. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे, हा नियम मोडू नका. विंचू-सापांसाठी सर्पमित्राला आधीच कळवून ठेवा.

गाळ

किती गाळ निघेल याचा हिशेब आधीच करा. कुंड १५ फूट बाय १५ फूट आणि गाळ ६ फूट असेल तर १३५० घनफूट, म्हणजे साडेतेरा ब्रास. दहा लिटरचे घमेले धरले तर एका ब्रासला साधारण २८० घमेली, म्हणजे एकूण पावणेचार हजारांहून जास्त. पंचवीस-तीस माणसांची साखळी करून मिनिटाला चार घमेली वर आली तरी चार तासांच्या एका सकाळी साडेनऊशे. विश्रांती धरून पाच-सहा सकाळी जातात, आणि ट्रॉल्या तेरा-चौदा. गावाने एका रविवारी सगळे उरकायचे ठरवले तर दुसऱ्या दिवशी निम्मा गाळ काठावरच पडलेला असतो आणि पहिल्या पावसात परत आत येतो.

जेसीबी काठावर आणू नका. त्याचे वजन आणि धक्के मागच्या भरावातून थेट भिंतीवर जातात. गाळ थरांनी काढा, एका वेळी फूटभर. वर आलेला गाळ जाळीच्या चाळणीतून किंवा निदान हाताने पाहूनच ट्रॉलीत टाका. नाणी, तांब्याची भांडी, मूर्तीचे तुकडे, मोटेचे लोखंडी भाग, कोरीव दगड सापडतात. ते कितव्या फुटात सापडले याची चिठ्ठी बांधून वेगळे ठेवा. नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका, वरची अक्षरे जातात. वस्तूंचा त्याच दिवशी पंचनामा करा, दोन फोटो काढा, सरपंच, पोलीस पाटील आणि दोन ग्रामस्थांच्या सह्या घ्या आणि तहसीलदारांना पत्र द्या. दायमाबादची हडप्पाकालीन परंपरेशी जोडली जाणारी कांस्यशिल्पे १९७४ साली अशीच एका ग्रामस्थाला खोदताना सापडली होती, आणि आज ती देशाचा ठेवा आहेत. घडीव दगड निघाले की ते रचून ठेवा, बांधकामाला जाऊ देऊ नका. बहुधा ते वरच्या पायऱ्यांचे किंवा देवकोष्टाचेच असतात.

तळाशी लाकडी चौकट लागली तर तिला उघडी टाकू नका. पाण्यात शेकडो वर्षे टिकलेले लाकूड उन्हात काही दिवसांत तडकते. झरे हाताने मोकळे करा. तळाला काँक्रीट टाकायचा आग्रह कोणी धरला तर ठाम नकार द्या. झरे बंद होतात आणि बारव पावसाच्या पाण्याची टाकी होऊन बसते.

लोक बारवेत निर्माल्य, जुन्या तसबिरी आणि भंगलेल्या मूर्ती टाकतात. ‘टाकू नये’ असा फलक लावून ते थांबत नाही. आधी पाराजवळ निर्माल्यासाठी वेगळी जागा करा, मग सांगा. काठाला लोखंडी जाळी बसवताना दगडाला भोके पाडू नका. गंजलेले लोखंड फुगते आणि दगड फोडते. कठडा काठाच्या दगडापासून तीन फूट बाहेर, स्वतंत्र पायावर करा. पिण्यासाठी पाणी वापरायचे असेल तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव ग्रामस्थांच्या श्रमातून मोकळी झाली. मराठवाड्यातल्या गावकऱ्यांनी काम सुरू करण्याआधी ती जाऊन पाहावी.

झाडे

पिंपळ, वड आणि उंबर ही तीन झाडे दगडी बांधकामाची खरी शत्रू आहेत. पेन्सिलीपेक्षा बारीक रोप पावसानंतर सांधा ओला असताना मुळासकट येते, तेव्हाच काढा. त्याहून जाड असेल तर ओढू नका, मुळासोबत दगड येतो. बुंधा दगडालगत कापा, साल सोलून काढा, वर काळे प्लॅस्टिक घट्ट बांधा आणि दर दोन महिन्यांनी नवे धुमारे तोडत राहा. तणनाशक पाण्याच्या वर वापरू नये. ग्लायफोसेट तर परवानाधारक कीडनियंत्रकाशिवाय कोणी वापरूच नये. मोठा वृक्ष भिंतीला कवेत घेऊन बसला असेल तर तोच भिंत धरून असतो. अशा वेळी फांद्या हलक्या करून वाऱ्याचा ताण कमी करा आणि बुंध्याला हात लावू नका. पिंपळ तोडायला गावाचा विरोध असतो. लहान रोपे कुंडीत काढून देवराईत लावू असे सांगितले की विरोध बहुधा मावळतो.

सांधे आणि चुना

आधी ओळखा की सांधा कोणत्या जातीचा आहे. यादवकाळातली, लोक ज्यांना हेमाडपंती म्हणतात ती देवळे आणि बारवा चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेल्या असतात. त्यांच्या सांध्यांत काहीही भरायचे नाही. त्या सांध्यांतून मागचे पाणी वाट काढते आणि जमीन हलली तर दगड थोडे सरकून सावरतात. दगडांतल्या फटी ‘बुजवल्या’ की पाणी आत कोंडते. मराठेशाहीतल्या बऱ्याच बारवा, वाडे, घाट आणि दीपमाळा चुन्यात आहेत. तिथे सांधा झिजला असेल तर चुनाच भरायचा.

सिमेंट का नको? ते दगडाच्या सांध्यापेक्षा कडक आणि अभेद्य असते. ओल सांध्यातून बाहेर पडायची ती दगडातून पडू लागते, तिच्यासोबत क्षार पृष्ठभागापाशी येऊन साठतात आणि कोरीव पापुद्रा सुटतो. सिमेंट पुढे काढायचे म्हटले तर दगडाची कड घेऊनच निघते. चुना मऊ असतो. झिजायचे ते तो झिजतो, दगड राहतो.

कळीचा चुना ताजा घ्या, हवा लागून भुकटी झालेला नको. हौदात आधी चुन्याच्या अडीच-तीन पट पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतले तर तो उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच, मुले लांब. ढवळून, बारीक जाळीतून गाळून वर चार बोटे पाणी ठेवून झाका. किमान तीन आठवडे मुरू द्या, तीन महिने मिळाले तर फार चांगले. न मुरलेले कण सांध्यात गेल्यावर फुलतात आणि भरलेला सांधा फोडून बाहेर येतात.

सुर्खीसाठी कमी भाजलेली वीट घ्या. जास्त भाजून काळी पडलेली खंगर वीट निरुपयोगी. ती कुटून चाळून घ्या. वाळू धुतलेली, मिठाचा अंश नसलेली. सांध्यासाठी सुरुवातीचे प्रमाण एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुर्खी, दोन भाग वाळू. हे चुना मळायच्या घाण्यात किंवा पाट्यावर निदान अर्धा तास मळा. पाणी वाढवून मऊ करण्यापेक्षा मळून मऊ करणे महत्त्वाचे. जास्त पाण्याचा चुना वाळताना चिरतो. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांचे पाणी घालायची रीत आहे आणि गवंड्यागणिक प्रमाण बदलते. साध्या सांध्याला त्यांची गरज पडत नाही, आणि गूळ जास्त झाला की मुंग्या येतात व चुना घट्ट व्हायला वेळ लागतो. मिश्रण आधी मागच्या, न दिसणाऱ्या हातभर जागेत लावून चार आठवडे थांबा. खिळ्याने ओरखडून पीठ पडत नसेल आणि कडेला चीर नसेल तर पुढे जा.

सांधा हाताच्या छिन्नीने आणि लाकडी खुंटीने मोकळा करा, यंत्राची चकती नको. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान एक इंच. धूळ काढून सांधा चांगला भिजवा. कोरडा दगड चुन्यातले पाणी शोषतो आणि चुना भुसभुशीत राहतो. अर्ध्या इंचाच्या थरांनी दाबून भरा आणि दगडाच्या कडेपासून किंचित आत थांबवा. दगडावर पसरलेला, ‘नक्षी’ काढलेला सांधा हा बिघडलेला सांधा. ओले गोणपाट टांगून किमान दोन आठवडे ओलावा धरा. काम कार्तिक ते माघ, दुपारचे ऊन टाळून.

वीरगळ, सतीशिळा, गद्धेगळ

वीरगळाच्या खालच्या चौकटीत बहुधा लढाई किंवा पळवून नेली जाणारी गुरे, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला कलश असतो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की ती सतीशिळा. सूर्य-चंद्र, खाली लेख आणि त्याखाली गाढवाचे शिल्प असेल तर तो गद्धेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेला शाप. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक लेख अशाच गद्धेगळावर आहे. तुमच्या ओट्याची पायरी झालेला दगड उलटून पाहण्याला एवढे कारण पुरे.

दगड मूळ जागी असेल तर हलवू नका. गुरांसाठी झुंज कुठे झाली, दान दिलेल्या जमिनीची हद्द कुठे होती, हे त्या जागेवरूनच कळते. रस्त्याचे काम, नाला किंवा चोरीचे भय असेल तरच हलवा आणि आधी जागेचा फोटो व अक्षांश-रेखांश नोंदवा. पाच फूट उंच, दीड फूट रुंद, पाऊण फूट जाड काळा दगड साधारण साडेचारशे किलोचा भरतो. चार माणसांच्या हिमतीवर तो उचलू नये. घोडी (तीन पायांची उभी चौकट), चेन-पुली आणि रुंद पट्टे वापरा, दगड आणि पट्ट्यांमध्ये गोणपाट ठेवा. साखळी थेट दगडाला लागली की कोरीव कड जाते.

उभा करताना पूर्वी जमिनीत असलेला, न कोरलेला बुडखाच खाली जाऊ द्या. तळाला दगडचुरी, भोवती मुरूम ठोकून बसवा. सिमेंटात रोवू नका. ओल बुडाशी अडकते आणि खालची चौकट, जिथे कथा सुरू होते, तीच सर्वांत आधी खरवडली जाते. दोन दगडांत दीड फूट अंतर ठेवा, मागून वारा खेळू द्या, चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. देवळाच्या भिंतीत चिणणे, ग्रॅनाइटच्या चौकटीत बसवणे, पॉलिश मारणे यांपैकी काही नको. माहितीचा फलक वेगळ्या खांबावर असावा.

स्वच्छतेला साधे पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरते. तारेचा ब्रश, आम्ल, वाळूचा फवारा, गॅसची ज्योत यांनी रंगासोबत दगडाची कातडीही निघते. ऑइल पेंट लागलेला असेल तर तो तसाच राहू द्या आणि पुरातत्त्व विभागाच्या रसायन शाखेला विचारा. शेंदूर ही पूजेची गोष्ट आहे. ज्या दगडाला परंपरेने लागतो त्याला लागू द्या, पण नव्याने कोणत्याही वीरगळाला लावू नका. महाशिवरात्रीला बारवेत दीपोत्सव करण्याची सुरेख प्रथा महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे गावोगाव रुजली आहे. पणत्या पत्रावळीवर किंवा वाळूच्या ताटलीत ठेवा, कोरीव देवकोष्टात नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाचे डाग गरम पाण्याने पुसून घ्या. मेणबत्ती टाळा.

पांढर

गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांना आणि शेताला नेण्याची रीत जुनी आहे. ट्रॅक्टरने एका उन्हाळ्यात निम्मे टेकाड जाते आणि त्यासोबत खापरे, मणी, नाणी, राखेचे थर, म्हणजे गावाच्या वस्तीचा सगळा क्रमच जातो. ग्रामसभेने ठरावात टेकाडाचा गट क्रमांक घालून माती काढायला बंदी करावी. पावसाने वर आलेले खापर उचलले तर कुठे मिळाले ते लिहून ग्रामपंचायतीत जमा करा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, प्राचीन तगर नगरीच्या जागी, रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून गोळा केलेल्या वस्तूंतून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

अंदाजपत्रक आणि देखरेख

पैसा ग्रामपंचायत विकास आराखड्यातून, देवस्थान ‘क’ वर्ग यात्रास्थळ असेल तर जिल्हा नियोजनातून आणि लोकवर्गणीतून उभा राहतो. अडचण निधी मिळाल्यानंतर सुरू होते. अंदाजपत्रक दरसूचीवरून बनते आणि सवयीने सिमेंटच्या बाबी उचलल्या जातात. म्हणून ते मंजुरीला जाण्याआधी ग्रामसभेत वाचून घ्या. सिमेंट मसाल्याने सांधे (दरजा) भरणे, भिंतीला प्लास्टर, पायऱ्यांवर टाइल्स, ऑइल पेंट, काठापर्यंत पेव्हर ब्लॉक या बाबी दिसल्या की त्या वगळायला लेखी सांगा. पेव्हरमुळे अंगणाची पातळी चढते आणि पावसाचे पाणी थेट बारवेत उतरते. काँक्रीटचा रस्ता दर काही वर्षांनी थरावर थर चढून हेच करतो. त्याऐवजी काठापासून सहा-सात फुटांवर बाहेरच्या उताराची दगडी चर मागा.

देखरेखीला खर्च फार नाही. ज्येष्ठात चरी मोकळ्या करणे, मोठ्या पावसानंतर भिंतींचे ठरलेल्या जागेवरून फोटो, आश्विनात रोपे उपटणे, दर मार्चमध्ये ओळंब्याची मापे. ही कामे आळीपाळीने वस्त्यांना वाटून द्या. नोंदवहीच्या तीन प्रती करा: ग्रामपंचायत, शाळा आणि तालुक्याचे ग्रंथालय. ठेकेदाराशी करार करताना एक अट घाला: चुन्याच्या कामाचे शेवटचे बिल दोन आठवड्यांचा ओलावा आणि चार आठवड्यांची खिळ्याची परीक्षा झाल्यावर, कामाआधीचे व नंतरचे त्याच जागेवरून घेतलेले फोटो जोडूनच निघेल.